परसातील तळे आणि पाण्याची निगा

रायगड जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, सह्याद्रीच्या पायथ्याशी पोलादपूर तालुका वसलेला आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री घाट उतरून येथूनच महाडकडे वाहत जाते. पोलादपूर व महाड या दोन्ही तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. डोंगरउतारावरील मातीचा थर पातळ आणि खालचा पाषाण कठीण. त्यामुळे पडलेले पाणी मुरण्याआधीच ओढ्यांवाटे नदीस आणि नदीवाटे समुद्रास मिळते. होळी उलटली की ओढे आटू लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवरील स्त्रियांना पाण्याच्या एका हंड्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते.

अशा प्रदेशात घराच्या परसात, गोठ्याच्या खालच्या अंगास किंवा वाडीच्या कोपऱ्यात खोदलेले लहानसे तळे हा कुटुंबाचा मोठा आधार ठरतो. आंबा-काजूची कलमे जगविणे, परसबागेतील भाजीपाला, गुरांचे पाणी, थोडेफार मासे अशा अनेक गरजा त्यातून भागतात. एक गुंठा क्षेत्राच्या आणि सरासरी दीड मीटर खोलीच्या तळ्यात सुमारे दीड लाख लिटर पाणी मावते. तळे खोदण्याकडे आता पुष्कळांचे लक्ष गेले आहे. परंतु खोदलेल्या तळ्यातील पाणी चांगले राखण्याकडे मात्र तितकेसे लक्ष दिले जात नाही. ज्या महिन्यात पाण्याची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच महिन्यात ते हिरवे, दुर्गंधीयुक्त आणि डासांनी भरलेले आढळले, तर तळे असून नसल्यासारखेच होय.

पाणी बिघडल्यावर त्यात काय घालावे, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. खरा प्रश्न वेगळा आहे. पाण्यात काय येऊ द्यावयाचे नाही, हे ठरविणे म्हणजेच तळ्याची निगा होय. आणि ही निगा मुख्यतः पाण्यात नव्हे, तर काठावर घ्यावयाची असते.

शुद्धीची कल्पना आणि शुद्धतेचे शास्त्र

पाण्याच्या शुद्धतेचा विचार महाड-पोलादपूरच्या भूमीत करताना चवदार तळ्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तत्कालीन मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजास खुले करण्याचा ठराव केला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ते खुले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांनी भरलेल्या १०८ घागरींचा विधी करून तळ्याची ‘शुद्धी’ केली. पुढे हा वाद न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला.

या इतिहासाचा सामाजिक अर्थ सर्वश्रुत आहे. त्यात पाण्याच्या शास्त्राचाही एक धडा आहे. माणसाने ओंजळ भरून पाणी प्याल्याने तळे बाटत नाही. त्या ओंजळीने पाण्याच्या गुणधर्मात कोणताही फरक पडत नाही. उलट ज्या पदार्थांनी तळे शुद्ध झाले असे मानले गेले, ते शेण, गोमूत्र व दूध हे पदार्थ पाण्यात कुजून त्यातील प्राणवायू खर्च करणारे आहेत. चार-पाच एकरांच्या तळ्यात काही घागरींनी फारसा फरक पडला नसेल. परंतु तेच पदार्थ गोठ्यातून रोज वाहत परसातील एका गुंठ्याच्या तळ्यात आले, तर एका हंगामात ते पाणी निकामी होते. पाण्याला जात कळत नाही. त्यात काय मिसळले, एवढेच कळते. म्हणून पाणवठ्यावर कोण आले याची नव्हे, तर पाणवठ्यात काय आले याची चौकशी केली पाहिजे.

तळ्यातील प्राणवायू

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा तळ्याच्या आरोग्याचा पाया आहे. वीस अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांस हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. म्हणजे उन्हाळ्यात पाणी जितके तापते, तितकी त्याची प्राणवायू धारण करण्याची शक्ती घटते. कुजण्याची क्रिया मात्र उष्णतेने वाढते. एका बाजूने पुरवठा कमी आणि दुसऱ्या बाजूने खर्च अधिक, अशी उन्हाळ्यातील तळ्याची स्थिती असते.

पाणवनस्पती आणि शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्याही श्वसनासाठी तो वापरतात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून श्वास घेत असल्याचे दिसले, तर तळे संकटात आहे असे समजावे. हीच खूण दुपारी शोधल्यास सापडणार नाही.

शेवाळ थोडे असणे हे निरोगी तळ्याचे लक्षण आहे. नत्र आणि स्फुरद यांचा भरमसाट पुरवठा झाला म्हणजे ते बेसुमार वाढते. विशेषतः स्फुरदाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे की, एक किलो स्फुरद शेकडो किलो ओले शेवाळ पोसू शकते. हे शेवाळ मरून तळाशी बसते, कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपविते. मग तळाचा गाळ काळा पडतो व त्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

घाण येते कोठून?

परसातील तळ्यात दूषित द्रव्ये येण्याचे मार्ग मोजकेच आहेत आणि त्यांपैकी बहुतेक अल्प श्रमात बंद करता येतात.

पहिला मार्ग गोठा आणि उकिरडा यांचा. एक मोठे जनावर दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकते. गोठा तळ्याच्या वरच्या अंगास असेल, तर पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर त्याचा अंश तळ्यात उतरतो. गोठ्याभोवती चर खणून ते पाणी शेणखताच्या खड्ड्याकडे किंवा केळी-नारळाच्या आळ्यांकडे वळवावे. जे द्रव्य तळ्यास मारक, तेच झाडास तारक आहे. गुरांना तळ्यात उतरू न देता काठापासून दूर डोणीत पाणी भरून पाजावे.

दुसरा मार्ग न्हाणीघराच्या आणि धुण्याच्या सांडपाण्याचा. साबणाच्या व धुलाईच्या पावडरीच्या पाण्यातून क्षार येतात आणि पावडरीत स्फुरद असल्यास शेवाळास आयतेच खत मिळते. धुण्याचा दगड तळ्याच्या काठावर नसावा. सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडावे. शौचालयाचा खड्डा तर तळ्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूसच असला पाहिजे.

तिसरा मार्ग पालापाचोळ्याचा. तळ्यावर झुकलेले फणस, आंबा किंवा बांबू सावली देतात खरे, पण वर्षभर पाने गाळतात. थोडी सावली हितकर आहे. पाण्यावर आलेल्या फांद्या मात्र छाटाव्यात आणि गळलेली पाने बुडण्यापूर्वी जाळीने काढावीत.

चौथा मार्ग उघड्या मातीचा. लाल माती वाहून आली की पाणी गढूळ होते, सूर्यप्रकाश आत पोहोचत नाही आणि तळे गाळाने भरत जाते. वरच्या अंगास दोन-तीन मीटर रुंदीचा गवताचा पट्टा राखल्यास बरीचशी माती तेथेच अडते. वाळा लावल्यास अधिकच उत्तम. त्याची मुळे खोल जातात व काठ धरून ठेवतात. पाणी आत येण्याच्या वाटेवर लहान खड्डा खणावा. त्यात गाळ बसेल आणि निवळलेले पाणी पुढे जाईल.

या विभागाचा एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. भाताच्या रोपांसाठी शेतकरी उन्हाळ्यात राब भाजतात. त्या राखेत पालाश व इतर क्षार असतात. राबाचे शेत तळ्याच्या वर असल्यास पहिल्या पावसात ही राख तळ्यात येते. तेथे बांध घालून पहिले पाणी बाजूस काढणे श्रेयस्कर. घराच्या कौलांवरील पाणी पन्हळीने तळ्यात आणावयाचे झाल्यास तोच नियम पाळावा. पहिल्या काही सरींचे पाणी वाहू द्यावे.

वर्षाचे वेळापत्रक

आगोटीची कामे करताना शेतकरी घर शाकारतो, लाकूडफाटा भरून ठेवतो. त्यातच तळ्याच्या कामाची भर घालावी. मे महिन्यात पाणी तळाशी गेले असता गाळ काढावा. हा गाळ उत्तम खत असल्याने तो काठावर न ठेवता शेतात न्यावा. काठावर ठेवल्यास पहिल्याच पावसात तो परत आत जातो. तळ उघडा पडला असल्यास आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावा. सांडवा मोकळा व दगडांनी पक्का करावा.

पावसाळ्यात चरांतील अडथळे काढणे आणि सांडव्यावर लक्ष ठेवणे ही मुख्य कामे. तळे भरून वाहते आहे तोवर त्यातील पाणी आपोआप बदलत राहते. या काळात ते सहसा बिघडत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास प्रवाह थांबतो आणि खऱ्या अर्थाने निगा सुरू होते. माती खाली बसून पाणी निवळू लागते. त्याबरोबर प्रकाश खोलवर जातो आणि शेवाळ वाढू लागते. पाणवनस्पतींनी पृष्ठभागाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापू नये. जलपर्णीचे एकही रोप दिसले तर ते लगेच उपटून काठापासून दूर वाळवावे. अनुकूल स्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते.

उन्हाळ्यात बाष्पीभवनाने दररोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जाते. एक गुंठ्याच्या तळ्यात ही घट रोजची पाचशे ते सहाशे लिटर होते. उडते ते केवळ पाणी. त्यातील क्षार व खतद्रव्ये मागेच राहतात. पाणी निम्मे झाले म्हणजे त्यांचे प्रमाण दुप्पट होते. म्हणूनच दिवाळीत क्षम्य वाटलेला निष्काळजीपणा एप्रिलमध्ये अंगाशी येतो. या दिवसांत पाणी उपसताना ते तळाजवळून उपसावे आणि शक्य असल्यास उंचावरून थोडे पाणी परत तळ्यात पडू द्यावे, म्हणजे हवा मिसळते.

तळ्यात काय घालावे, काय घालू नये

कोकणातील जांभ्याची माती बहुधा आम्लधर्मी असते व तिच्यावरील पाणीही मृदू असते. पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ यांच्या दरम्यान असणे इष्ट. तो कमी असल्यास शेतीसाठी मिळणारी चुनखडीची पूड गुंठ्यास दोन ते पाच किलो या प्रमाणात, शक्यतो कोरड्या तळावर, पसरावी. कळीचा चुना भरल्या तळ्यात एकदम ओतू नये. त्याने सामू झपाट्याने वाढून मासे मरतात.

मोरचूद टाकून शेवाळ मारण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. तो टाळावा. त्यातील तांबे माशांना घातक असते व गाळात साचून राहते; शिवाय एकाच वेळी मेलेले शेवाळ कुजून पाण्यातील प्राणवायू संपतो. शेवाळ हाताने किंवा जाळीने काढून खतखड्ड्यात टाकणे हाच सुरक्षित उपाय होय, कारण त्याबरोबर नत्र व स्फुरदही तळ्याबाहेर जातात.

तळ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते तसेच पिऊ नये. नितळपणा डोळ्यांस दिसतो, रोगजंतू दिसत नाहीत. टंचाईत ते पिण्यासाठी वापरावेच लागले, तर भांड्यात घेऊन तुरटी फिरवून निवळू द्यावे, गाळावे आणि नंतर उकळावे किंवा क्लोरीनने निर्जंतुक करावे. ब्लीचिंग पावडर घालावयाची ती साठवणीच्या भांड्यात किंवा टाकीत, तळ्यात नव्हे. गढूळ व सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या पाण्यात क्लोरीन वायाच जातो आणि मासे मात्र दगावतात.

डास, मासे आणि रोग

उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. डास तळ्याच्या मध्यभागापेक्षा काठच्या गवतात आणि गुरांच्या खुरांनी पडलेल्या डबक्यांत अधिक वाढतात. काठ नीट उतरता ठेवून गवत पाण्याच्या रेषेपाशी आठवड्यातून एकदा कापल्यास त्यांचा आसरा जातो. आरोग्य विभागाकडून मिळणारे गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. परंतु ते ओढ्या-नद्यांशी जोडलेल्या पाण्यात न सोडता बंदिस्त पाण्यातच सोडावेत.

रोहू, कटला, मृगल यांची बोटुकली गुंठ्यास पन्नासच्या आसपास पुरेशी होतात. बाहेरून खाद्य घालावयाचे नसेल तर त्याहूनही कमी. खाद्याचा जो भाग मासे खात नाहीत, तो पाण्यातच कुजतो. बंदी असलेला थाई मांगूर कदापि पाळू नये. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की त्यातील मासे ओढ्यावाटे नदीत जातात. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीवरील श्रद्धेमुळे महसीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. अशा नद्यांच्या परिसरात परका व हिंस्र मासा सोडणे म्हणजे गावानेच राखलेली संपत्ती धोक्यात घालणे होय.

कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा प्रादुर्भाव होतो. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात व त्वचेवरील जखमांवाटे शरीरात शिरतात. पायास जखम असता तळ्यात उतरू नये. गाळ काढताना गमबूट वापरावेत आणि पाण्यात काम केल्यानंतर ताप आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात ही माहिती सांगावी. लहान मुले असलेल्या घरी तळ्यास कुंपण अवश्य असावे.

पूर ओसरल्यानंतर

जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेले आणि महाड व पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. पुराचे पाणी शिरलेल्या तळ्यात गाळाबरोबर मैला, तेल व मृत जनावरांचे अवशेष येण्याचा संभव असतो. अशा तळ्यातील तरंगती घाण प्रथम काढावी, पाणी शक्य तितके उपसावे, गाळ हलवावा आणि पुढील पावसाने तळे धुऊन निघेपर्यंत त्याचा वापर गुरांसाठीही करू नये. घरांच्या वरच्या तीव्र उतारावर नवे तळे खोदू नये. झिरपणारे पाणी उताराची माती सैल करते. जागा निवडताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

पाण्याची पारख करण्यास महागडी साधने लागत नाहीत. डब्याचे वीस सेंटिमीटर व्यासाचे झाकण घेऊन त्याचे चार भाग आलटूनपालटून काळे व पांढरे रंगवावेत आणि खुणा केलेल्या दोरीने ते पाण्यात सोडावे. ते दिसेनासे होते ती खोली लिहून ठेवावी. मासे असलेल्या तळ्यात ही खोली तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर असल्यास ठीक. पाणी हिरवे असून ती पंचवीसच्या खाली आली, तर खतद्रव्ये अधिक होत आहेत असे समजावे. विद्यार्थ्यांनी गावातील चार-पाच तळ्यांची अशी नोंद दर पंधरवड्यास वर्षभर ठेवली, तर विज्ञानाचा एक उत्तम पाठ होईल आणि गावासही उपयुक्त माहिती मिळेल.

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाण्याच्या क्षेत्रीय चाचणी संचाचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांचे ज्ञान नळाच्या पाण्यापुरते मर्यादित न ठेवता पंचायतीने परसातील तळ्यांच्या सामू-तपासणीसाठीही उपयोगात आणावे. गोठ्याचे चर, शोषखड्डे, गाळ काढणे ही कामे आगोटीपूर्वीच्या ग्रामसभेत वाडीवार ठरवावीत. कारण एका परसातील सांडपाणी उताराने दुसऱ्याच्या तळ्यात जाते. एकट्या कुटुंबाने कितीही निगा राखली, तरी वरच्या घराच्या सहकार्यावाचून ती अपुरीच राहते.

टंचाईच्या दिवसांत ज्याच्या तळ्यात चांगले पाणी शिल्लक असेल, त्याच्याकडे शेजारपाजार येणारच. त्या वेळी पाणी देता यावे आणि देण्याजोगे असावे, यासाठी लागणारे कष्ट दिवाळीपासूनच घ्यावे लागतात. ते फार मोठे नाहीत: एक चर, गवताचा एक पट्टा, एक जाळी आणि आठवड्यातील एक तास.